पडद्यावरच्या पानाची सावली

संगणकावर पत्र किंवा अर्ज लिहायला घेतला की समोर एक कोरे पांढरे पान येते. पानाभोवती करड्या रंगाची मोकळी जागा असते आणि पानाच्या कडेला, बहुतेक वेळा उजव्या व खालच्या अंगाला, एक बारीक सावली असते. ही सावली छपाईत उतरत नाही आणि मजकुराच्या फाइलचाही ती भाग नसते. लिहिणाऱ्याचे तिच्याकडे सहसा लक्षही जात नाही. ‘इथवर कागद, इथून पुढे टेबल’ एवढेच ती सांगते. पण एवढे सांगण्याची गरज संगणकाला पहिल्या दिवसापासून नव्हती. पान पडद्यावर कधी आले, ते पडद्यापेक्षा लहान केव्हा झाले आणि उरलेल्या जागेचे काय करायचे हा प्रश्न कुणापुढे कसा आला, यातून या सावलीचा इतिहास घडला.

सत्तरच्या दशकातल्या संगणकांच्या काळ्या पडद्यावर हिरवी किंवा पिवळसर अक्षरे उमटत. एका ओळीत ८० अक्षरे आणि पडद्यावर २४ किंवा २५ ओळी, हा त्यांचा ठरलेला साचा. त्या पडद्याला कागदाची कल्पनाच नव्हती. १९७८ साली आलेल्या वर्डस्टारमध्ये एक पान संपून दुसरे सुरू होते तिथे तुटक रेघ येई आणि तिच्या उजव्या टोकाला इंग्रजी ‘पी’ हे अक्षर दिसे. पान असे ते एवढेच. पुढे वर्डपरफेक्टने निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे आणली. १९८९ साली आलेल्या त्याच्या ५.१ या गाजलेल्या आवृत्तीतही लिहिताना पान दिसत नसे. ते पाहायचे असेल तर छपाईच्या यादीत जाऊन वेगळी आज्ञा द्यावी लागे. लिहिण्याची जागा एक आणि कागद दुसरा, ही फारकत लोकांच्या इतकी अंगवळणी पडली होती की मायक्रोसॉफ्ट वर्डने विंडोजवर आल्यानंतरही अनेक आवृत्त्यांमध्ये ‘निळी पार्श्वभूमी, पांढरा मजकूर’ हा पर्याय ठेवला होता.

काळ्या पडद्यामागे तांत्रिक कारणही होते. काचेच्या नळीच्या पडद्यावर चित्र सेकंदाला ठरावीक वेळा पुन्हा रंगवले जाते. हा वेग कमी असला की उजळ भाग लुकलुकतो. काळ्यावर थोडी अक्षरे असतील तर ते फारसे जाणवत नाही, पण सगळा पडदा पांढरा केला तर डोळ्यांना त्रास होतो. शिवाय पडद्यावरचा प्रत्येक ठिपका वेगळा लक्षात ठेवायचा तर मेमरी लागते आणि तेव्हा मेमरी फार महाग होती.

हा खर्च जाणूनबुजून केला तो कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्राने. १९७३ साली तिथे ‘आल्टो’ नावाचा संगणक तयार झाला. त्याचा पडदा आडवा नव्हता, उभा होता. रुंदी ६०६ ठिपके, उंची ८०८ ठिपके आणि आकार जवळपास अमेरिकी पत्राच्या कागदाएवढा. प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा एवढाच. म्हणजे पूर्ण पडद्यासाठी सुमारे ६१ हजार बाइट लागत आणि यंत्राची एकूण मेमरी होती १२८ किलोबाइट. जवळजवळ निम्मी मेमरी नुसत्या चित्रासाठी खर्ची पडत होती. बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली या यंत्रासाठी ‘ब्राव्हो’ हे लेखनाचे सॉफ्टवेअर लिहिले. पडद्यावर जसे दिसते तसेच कागदावर उमटावे, ही कल्पना तिथे पहिल्यांदा रोजच्या वापरात आली. पुढच्याच वर्षी लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी एका पाठ्यपुस्तक प्रकाशनसंस्थेच्या संपादकांसाठी ‘जिप्सी’ तयार केले.

आल्टोवर पानाला सावलीची गरजच नव्हती. पडदा हाच कागद होता, त्याची कड हीच कागदाची कड होती. पांढऱ्यावर काळे लिहिलेले, उभे, हातात धरल्यासारखे. बाजूला जागाच उरत नव्हती, त्यामुळे तिला रंग कोणता द्यायचा हा प्रश्नही उद्भवत नव्हता. पुढच्या काळात पानाची पार्श्वभूमी आणि सावली यांवर जेवढा विचार करावा लागला, त्याचे मूळ पडदा आडवा होण्यात आहे.

झेरॉक्सनेच १९८१ साली बाजारात आणलेल्या ‘स्टार’ या यंत्राला १७ इंची आडवा पडदा होता, १०२४ बाय ८०८ ठिपक्यांचा. त्यावर कागदपत्रे, फायली, टपालाच्या पेट्या यांची छोटी चित्रे मांडलेली असत आणि त्या सगळ्यांच्या खाली एक टेबल कल्पिलेले होते. टेबलाचा रंग ठरवताना रचनाकारांनी पांढरा आणि काळा दोन्ही टाळले. एकाआड एक काळे-पांढरे ठिपके मांडून त्यांनी करडा रंग साधला. स्टारच्या रचनाकारांनी १९८२ साली ‘बाइट’ मासिकात लिहिलेल्या लेखात त्याचे कारण सांगितले आहे. हा करडा नमुना डोळ्यांना शांत वाटतो, त्यावरची चित्रे आणि खिडक्या उठून दिसतात आणि डोळ्यांवरचा ताण कमी होतो. कागदाभोवती करडा रंग का, याचे इतके स्पष्ट उत्तर त्यानंतर फार थोड्यांनी दिले आहे. बाकीच्यांनी रंग तेवढा उचलला.

जानेवारी १९८४ मध्ये आलेल्या अॅपलच्या मॅकिन्टॉशने हे सगळे स्वस्त आणि लहान केले. त्याचा पडदा ५१२ बाय ३४२ ठिपक्यांचा, प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा. टेबलाचा करडा रंग इथेही एकाआड एक ठिपक्यांनीच साधलेला. खिडक्या आणि याद्या एकमेकींवर येत तेव्हा वरची कोणती आणि खालची कोणती हे कळावे म्हणून उजव्या व खालच्या कडेला एका ठिपक्याच्या जाडीची काळी रेघ ओढलेली असे. या सावलीत ना अंधुकपणा होता, ना चढउतार. एकच रेघ, ती डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून जराशी मागे सरकवलेली. तरीही डोळा फसतो आणि खिडकी टेबलापासून किंचित वर उचलल्यासारखी दिसते. इतक्या तुटपुंज्या साहित्यातून इतका परिणाम साधल्याची उदाहरणे पडद्यावरच्या रचनेत फारशी नाहीत.

मॅकवरच्या ‘मॅकराइट’मध्ये मात्र पूर्ण पान मावत नव्हते. पडद्यावरचे ७२ ठिपके म्हणजे कागदावरचा एक इंच, असा हिशेब ठेवला होता. त्यामुळे ५१२ ठिपक्यांत जेमतेम सात इंच बसत आणि अमेरिकी कागद तर साडेआठ इंच रुंद. पानाचा मधला भाग दिसे, कडा पडद्याबाहेर राहत. १९८६ साली स्थापन झालेल्या रेडियस या कंपनीने मॅकला जोडायचा उभा, पूर्ण पानाचा पडदा विकायला काढला आणि त्याला चांगले गिऱ्हाईक मिळाले. लोकांना सगळे पान एकदम पाहायचे होते.

पान आणि त्याबाहेरची जागा यांचे नाते ज्याने सर्वांत आधी पक्के केले ते लेखनाचे सॉफ्टवेअर नव्हते, पाने लावण्याचे होते. सिअॅटल येथील आल्डस या कंपनीने १९८५ साली ‘पेजमेकर’ आणले. तिचे संस्थापक पॉल ब्रेनर्ड वृत्तपत्रांच्या जगातून आलेले होते. वृत्तपत्रात पान लावणारा माणूस मोठ्या पाटावर कागद पसरतो, मजकुराचे कापलेले पट्टे, चित्रे, मथळे आजूबाजूला ठेवतो आणि लागेल तसे उचलून चिकटवतो. पेजमेकरने हा पाट जसाच्या तसा पडद्यावर आणला आणि त्याला ‘पेस्टबोर्ड’ म्हटले. पानाबाहेर ठेवलेला तुकडा छापला जात नसे, पण हाताशी राही. इथे पानाबाहेरच्या जागेला पहिल्यांदा स्वतःचे काम मिळाले. ती नुसती उरलेली जागा राहिली नाही.

पेजमेकरचा पेस्टबोर्डही पांढराच होता आणि पानही पांढरे. मग पान कोणते ते कळायचे कसे? काळ्या रेघेची चौकट आणि तिच्या उजव्या-खालच्या कडेची ठळक सावली, या दोन खुणांवर सगळी भिस्त होती. रंगाची मदत नसताना एकट्या सावलीने ही जबाबदारी पेलली.

महाराष्ट्रातल्या छापखान्यांत ही सावली पुष्कळांच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षे राहिली. ऐंशीच्या दशकात पुण्याच्या सी-डॅकने संगणकात बसवायचे जिस्ट कार्ड पुढे नेले आणि त्यामुळे ८० अक्षरांच्या काळ्या पडद्यावर देवनागरी आली. पण छापण्याजोगे मराठी पान पडद्यावर उभे राहिले ते विंडोज, पेजमेकर आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’ किंवा सी-डॅकची ‘आयएसएम’ यांसारखे मराठी लिहिण्याचे सॉफ्टवेअर असे त्रिकूट जमल्यावर. त्याआधी ब्रोमाइडवर काढलेला मजकूर कात्रीने कापून, काचेच्या उजळलेल्या टेबलावर, पट्टीने सरळ धरून चिकटवावा लागे. ओळ तिरकी गेली की तुकडा सोडवून पुन्हा लावायचा. डीटीपी करणाऱ्याने तेच काम पेजमेकरमध्ये माउसने केले. जाहिरातीचा चौकोन, लेखकाचा फोटो, उरलेला परिच्छेद हे सगळे पानाबाहेर पांढऱ्या जागेत पडून असे आणि पान भरत आले की एकेक आत येई. दिवाळी अंकांची पाने, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल या सावलीच्या चौकटीत लागले. आतले छापायचे आणि बाहेरचे राहू द्यायचे, हे त्या कामात शिकवावे लागत नसे.

लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पान पूर्ण रुंदीने दिसायला आणखी काही वर्षे लागली. याचे गणित साधे आहे. विंडोजने एका इंचाला ९६ ठिपके धरले. ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद, म्हणजे सुमारे ७९४ ठिपके. १९८७ साली आलेल्या व्हीजीए पडद्याची रुंदी ६४०. खऱ्या आकारात पान त्यात बसतच नाही. ८०० बाय ६०० चा पडदा आला तेव्हा पान जेमतेम मावले, तेही सरकपट्टीची जागा सोडली तर कड कापली जायची. १०२४ रुंदीचा पडदा घराघरांत आणि कचेऱ्यांत पोहोचल्यावर मात्र पानाच्या दोन्ही बाजूंना मिळून २३० ठिपके मोकळे राहिले. पुढे पडदे रुंद होत गेले तशी ही जागा पानापेक्षाही मोठी झाली. ज्या जागेकडे कुणी पाहिले नव्हते, ती आता सर्वांत मोठी दिसू लागली.

मायक्रोसॉफ्ट वर्डच्या नव्वदच्या दशकातल्या आवृत्त्यांनी या जागेसाठी करडा रंग घेतला आणि पानाला उजवीकडे व खाली काळी जाड कड दिली. स्टारऑफिस आणि त्यातून निघालेले ओपनऑफिस यांनीही तेच केले. दोन-तीन ठिपक्यांची घट्ट, धारदार सावली. काही काळ सगळीकडे पान असेच दिसत होते.

सावली उजवीकडे आणि खालीच का पडावी? प्रकाश डावीकडून, वरून येतो असे या सगळ्यांनी गृहीत धरले होते. नव्वदच्या सुमारास आलेल्या विंडोज ३.० मध्ये आणि नेक्स्टच्या संगणकांवर बटणांना उठाव दिसू लागला, तोही याच प्रकाशाने. डावी-वरची कड उजळ, उजवी-खालची गडद. उजळ-गडद उलटे केले की बटण आत दाबल्यासारखे दिसते. डोळा प्रकाश वरून येतो असेच धरून चालतो. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे नेमके दाखवले. वरची बाजू उजळ असलेले वर्तुळ फुगीर दिसते आणि तेच उलटे फिरवले की खळगा दिसतो. नकाशे काढणाऱ्यांची परंपराही हीच आहे. डोंगराच्या उठावाला ते वायव्येकडून प्रकाश देतात. युरोपात सूर्य भर दुपारी कधीच उत्तरेकडे नसतो, तरीही तसाच नकाशा बरोबर वाचता येतो, आणि प्रकाश दक्षिणेकडून दाखवला तर दऱ्यांच्या जागी डोंगर दिसू लागतात.

सावली डोळ्याला किती ओढून नेते याचा आणखी एक पुरावा नव्वदच्या दशकात दृष्टीचे संशोधक डॅनियल कर्स्टन आणि सहकाऱ्यांनी दिला. पडद्यावर एका खोक्यात एक चेंडू सरकतो. चेंडूची वाट दोन्ही वेळा एकच ठेवली आणि फक्त त्याची सावली वेगळ्या वाटेने नेली. सावली चेंडूला चिकटून गेली तेव्हा चेंडू जमिनीवरून मागे गेल्यासारखा दिसला. सावली लांब राहिली तेव्हा तोच चेंडू हवेत उचलला गेल्यासारखा दिसला. पानाच्या कडेची सावली याच नियमाने चालते. ती पानाला चिकटून आणि अरुंद असेल तर पान टेबलावर पडलेले वाटते. रुंद, फिकी आणि दूर सरकलेली असेल तर ते हवेत तरंगते. लिहिण्याच्या पानाने तरंगू नये, म्हणून तिथे सावली आखूडच हवी.

घट्ट रेघेच्या जागी मऊ सावली आली ती रंगांची पारदर्शकता स्वस्त झाल्यावर. प्रत्येक ठिपक्याला रंगाबरोबर त्याचा दाटपणाही द्यायचा आणि खालच्या चित्रात तो मिसळायचा, याची पद्धत थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली मांडली होती. ती चित्रपटाच्या कामासाठी होती. रोजच्या संगणकावर ती उतरली २००१ मध्ये अॅपलच्या मॅक ओएस टेन या प्रणालीबरोबर. तिथे प्रत्येक खिडकीखाली धूसर, पसरलेली सावली होती आणि प्रकाश कोपऱ्यातून न येता सरळ वरून येत होता. ग्रहणाचे वर्णन करताना प्रच्छाया आणि उपच्छाया असे दोन शब्द वापरतात. मधली गर्द सावली ती प्रच्छाया आणि तिच्याभोवतीची विरळ होत जाणारी ती उपच्छाया. जुन्या पानांना केवळ प्रच्छाया होती. आता उपच्छायाही मिळाली.

वर्ड २००७ ने याचा पूर्ण उपयोग केला. पानाभोवतीची जागा निवडलेल्या रंगसंगतीप्रमाणे निळसर, रुपेरी किंवा काळी झाली आणि पानाला नाजूक सावली आली. सगळे दिसायला देखणे होते, पण निळी पार्श्वभूमी ही वाटते तितकी निरुपद्रवी नसते. फ्रान्समधल्या गोबेलाँ गालिच्यांच्या कारखान्यात रंगकामावर देखरेख करणाऱ्या शेव्रल यांनी १८३९ साली दाखवून दिले होते की शेजारचा रंग प्रत्येक रंगाला आपल्या विरुद्ध दिशेला ढकलतो. निळ्याच्या शेजारचे पांढरे किंचित पिवळसर भासते. ज्याला पानावर चित्र किंवा रंगीत तक्ता ठेवायचा आहे, त्याच्यासाठी तटस्थ करडाच बरा. स्टारच्या रचनाकारांनी वर्ड २००७ च्या वीसहून अधिक वर्षे आधी निवडलेला रंग.

आता एकाच ऑफिस संचातल्या सावल्यांच्या विसंगतीकडे वळावे लागेल. बाहेरून ती क्षुल्लक वाटते, पण सॉफ्टवेअर कसे वाढते हे तिच्यात स्वच्छ दिसते. जर्मनीतल्या ल्युनेबुर्ग येथे मार्को बोरिस याने १९८५ साली, शाळकरी वयात, स्टार डिव्हिजन ही कंपनी काढली. तिचे पहिले सॉफ्टवेअर लेखनाचे होते. त्याला पुढे गणिताची पाने, चित्रकाम, सादरीकरण अशी भावंडे मिळाली आणि सगळ्यांचे मिळून स्टारऑफिस झाले. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ते विकत घेतले, २००० मध्ये त्याचा स्रोत खुला केला आणि २००२ मध्ये ओपनऑफिसची पहिली आवृत्ती आली. सन कंपनी ओरॅकलने घेतल्यानंतर, सप्टेंबर २०१० मध्ये, स्वयंसेवकांच्या मोठ्या गटाने बाजूला होऊन लिब्रेऑफिस सुरू केले. मराठीतही वापरता येणारा हा ऑफिस संच म्हणजे त्या जर्मन लेखन-सॉफ्टवेअरचा सरळ वंशज.

या संचात लेखनाचा विभाग, म्हणजे रायटर, आपले पान स्वतः रंगवतो. चित्रकामाचा ड्रॉ आणि सादरीकरणाचा इम्प्रेस यांचे पान मात्र चित्रकामासाठी असलेला वेगळा, सामायिक भाग रंगवतो. दोन्हींचा जन्म वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या हातांनी झाला. त्यामुळे एकाच संचातल्या दोन खिडक्या शेजारी ठेवल्या तर पानाच्या सावल्या जुळत नसत. वापरणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण दोन कामे दोन निराळ्या घरांतून आल्यासारखी वाटतात.

सावली मोजायची कशात, हा या विसंगतीतला सर्वांत कठीण भाग. समजा ती कागदाच्या मापात, एक मिलिमीटर रुंद ठरवली. पान खऱ्या आकारात असताना ती साधारण चार ठिपके दिसेल. पान चौपट मोठे केले की ती पंधरा ठिपक्यांचा काळा पट्टा होईल आणि पाव आकारात पाहिले की एका ठिपक्याहून कमी, म्हणजे नाहीशीच. पान लहान केल्यावर, अनेक पाने एकदम दिसत असताना, सावलीची सर्वांत जास्त गरज असते आणि नेमकी तेव्हाच ती हरवते. उलट ती पडद्याच्या ठिपक्यांत ठरवली तर पान कितीही लहान-मोठे केले तरी तितकीच राहते. जुन्या पद्धतीत चित्रकामाच्या भागाची सावली पानाबरोबर लहान-मोठी होत असे. नंतर लिब्रेऑफिसच्या दोन्ही भागांनी ठिपक्यांचे माप स्वीकारले. सावली कागदाची असली तरी ती पाहणाऱ्याच्या सोयीसाठी आहे, म्हणून तिचे माप पडद्याचेच असावे, हे उत्तर योग्यच आहे.

चित्रकामाच्या भागात मऊ सावलीसाठी जे साधन वापरले आहे ते जवळून पाहण्यासारखे आहे. ते ३५ ठिपके रुंद आणि ३५ ठिपके उंच असे एक इवलेसे चित्र आहे. त्या चित्रात जणू एका छोट्या कागदाची पूर्ण सावली भरली आहे. पान रंगवताना हे चित्र कापले जाते. चारही कोपरे जसेच्या तसे पानाच्या चार कोपऱ्यांवर बसतात. मधून कापलेल्या बारीक पट्ट्या कडांच्या लांबीएवढ्या ताणल्या जातात, कारण कडेच्या दिशेने सावलीत काही बदलत नाही, बदलते ते फक्त कडेपासून दूर जाताना. म्हणून व्हिजिटिंग कार्डापासून भिंतीवरच्या पोस्टरपर्यंत कोणत्याही आकाराच्या पानाला हेच चित्र पुरते. शिवणकामात एकाच मापाच्या चार कोपऱ्यांना हवी तेवढी किनार जोडावी तसे हे काम आहे. रायटरमध्येही सावली अशीच कोपरे आणि कडा मिळून आठ तुकड्यांनी उभी राहते.

रायटरच्या अडचणी मात्र जास्त आहेत, कारण त्याचे पान एकटे नसते. ऑक्टोबर २००८ मध्ये आलेल्या ओपनऑफिस ३.० पासून टिपा पानाच्या बाजूला, समासाबाहेर दिसू लागल्या. टिपांसाठी पानाला लागून एक पट्टी येते. मग सावली पानाची की पट्टीसकट दोन्हींची? पट्टी कागदाचा भाग नाही, ती छापली जात नाही. पण सावली पान आणि पट्टी यांच्यामध्ये पाडली तर पट्टी पानाखाली गेल्यासारखी दिसते आणि टीप कुठल्या ओळीची आहे ते दाखवणारी रेघ सावली ओलांडून जाते. म्हणून सावली पट्टीच्या बाहेरून न्यावी लागते. पाने पुस्तकासारखी समोरासमोर मांडली की आणखी एक अडचण येते. डाव्या पानाची उजवी सावली उजव्या पानावर पडता कामा नये, कारण दोन्ही एकाच पातळीवर आहेत. तिथे आतल्या बाजूची सावली वगळावी लागते. कागद हातात घेऊन पाहणाऱ्याला हे आपसूक कळते. संगणकाला प्रत्येक गोष्ट वेगळी सांगावी लागते.

रंगांच्या बाबतीत लिब्रेऑफिसने ठरवण्याचा अधिकार वापरणाऱ्याकडे दिला. त्याच्या रंगांच्या यादीत कागदाचा रंग, कागदाबाहेरच्या जागेचा रंग आणि सावल्या अशा वेगवेगळ्या नोंदी आहेत. सावली नको असेल तर खूण काढून टाकता येते. दृष्टी कमी असलेल्यांसाठी ही सोय फार मोलाची आहे. त्यांना काळा आणि पांढरा यांतला पूर्ण विरोध हवा असतो. करड्यावर विरघळणारी मऊ कड त्यांच्या उपयोगाची नाही, साधी सलग रेघच हवी.

गडद रंगसंगती रुळल्यावर सावलीपुढे वेगळेच संकट आले. सावली म्हणजे पार्श्वभूमीपेक्षा गडद असलेला भाग. पार्श्वभूमीच काळपट असेल तर तिच्याहून गडद करायला जागा उरत नाही. पान पांढरे ठेवले तर त्याची कड सावलीविनाही दिसते, पण ते अंधारात दिव्यासारखे डोळ्यांवर येते. पानही गडद केले तर दोन काळसर रंगांमधली सीमा हरवते. अशा वेळी रचनाकार फिकट बारीक रेघेकडे परत येतात, पेजमेकरच्या चौकटीसारख्या, फक्त उलट्या रंगात.

त्याआधीच, २०१३ च्या सुमारास, सपाट रचनेची लाट आली होती. बटणांचा उठाव गेला, काचेसारखी चमक गेली. वर्ड २०१३ मध्ये पानाभोवतीची सावली जाऊन फिकट पार्श्वभूमीवर बारीक रेघेचे पान उरले. पुढच्याच वर्षी गूगलने आपल्या ‘मटेरियल’ या रचनापद्धतीत सावलीला नव्याने काम दिले. पडद्यावरची प्रत्येक वस्तू किती उंचीवर आहे ते सावलीच्या पसरण्यावरून कळावे, असा नियम त्यात होता. म्हणजे कर्स्टनच्या चेंडूचा प्रयोग आता रोजच्या पडद्यावर वापरला जाऊ लागला.

गूगल डॉक्समध्ये पानाची चौकट आणि तिच्याभोवतीची करडी जागा बरीच वर्षे होती. लिहिलेले बहुतेक मजकूर कधीच छापले जात नाहीत हे ओळखून फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे पानाविना लिहिण्याचा पर्याय आला. तो निवडला की मजकूर खिडकीच्या रुंदीप्रमाणे वाहतो आणि पानाची कड, पानांमधली फट, करडी पार्श्वभूमी हे सगळे एकदम नाहीसे होते. रायटरमध्ये अशीच एक मांडणी वेबपानांसाठी जुन्या काळापासून आहे आणि तिच्यातही सावली रंगवली जात नाही. तिथून छपाईच्या मांडणीकडे परतले की दोन्ही बाजूंना करडी जागा उघडते आणि कागदाच्या कडेने सावली पुन्हा उमटते.